जर्सी एक, वस्त्या वेगळ्या: मॉरिशसच्या फुटबॉलचा धडा



3 सप्टेंबर 2024 च्या रात्री हिवरखेडच्या आमच्या पोरांच्या व्हॉट्सॲप गटावर एकच विषय होता. हैदराबादला गच्चीबौलीच्या मैदानावर भारत विरुद्ध मॉरिशस असा फुटबॉलचा सामना झाला आणि तो 0-0 असा सुटला. जागतिक क्रमवारीत भारत तेव्हा 124 वा, मॉरिशस 179 वा. एका पोराने लिहिलं, "राजेहो, एवढा मोठा देश आपला, अन् बारा-तेरा लाखाच्या देशाले एक गोल मारता नाही आला!" मग हसण्याच्या चिन्हांचा पाऊस.

आम्ही हसलो नाही असं नाही. आपल्या अकोला जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान असलेलं ते बेट. 2011 च्या जनगणनेत एकट्या अकोला जिल्ह्याची लोकसंख्या 18 लाखांवर होती, म्हणजे माणसंही त्या देशात आपल्या जिल्ह्यापेक्षा कमी. पण हसून झाल्यावर आमच्यातल्या एकाने विचारलं, "या मॉरिशसच्या टीममध्ये खेळतं कोण? तिथं आपले मराठी लोक आहेत म्हणतात." या प्रश्नापासून आम्ही वाचायला लागलो. जे हाती लागलं ते फुटबॉलपुरतं नव्हतं. जात, धर्म, गुलामगिरी, प्रतिनिधित्व आणि राष्ट्र या सगळ्यांचा हिशेब त्या बेटाच्या मैदानावर मांडलेला आहे. तो आपण वाचला पाहिजे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांसाठी मॉरिशस म्हणजे मधुचंद्राची जागा, नाहीतर 2023 साली शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला महाराष्ट्राचे नेते गेले होते ती जागा. त्यापलीकडचं मॉरिशस आपल्याला कोणी सांगत नाही.

बेट कोणी वसवलं?

मॉरिशसवर मूळचे रहिवासी नव्हते. डच आले, फ्रेंच आले, 1810 साली इंग्रजांनी बेट जिंकलं. ऊस लावायचा तर हात पाहिजेत, आणि ते हात आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून साखळदंडात आणले गेले. 1 फेब्रुवारी 1835 रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा साठ हजारांहून जास्त माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती. इंग्रज सरकारने नुकसानभरपाई दिली, पण कोणाला? गुलामांना नाही, मालकांना! ज्यांनी पिढ्यान् पिढ्या फुकट राबवून घेतलं त्यांचं "नुकसान" झालं म्हणे. ज्यांची आयुष्यं गेली त्यांना एक पैसा मिळाला नाही, जमिनीचा तुकडा मिळाला नाही. वतनदारी गेली तेव्हा आपल्याकडे कोणाचं नुकसान मोजलं गेलं आणि कोणाचं नाही, हे वाचकांनी आठवावं.

गुलाम गेले म्हणून मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. 1834 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं करारावर पोर्ट लुईच्या बंदरात उतरली. ज्या धक्क्यावर ती उतरली तो आज आप्रवासी घाट या नावाने जागतिक वारसास्थळ आहे. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी. या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत, शाळेत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

माणसं गेली तशी जातही गेली. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचताना बाबासाहेबांनी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा दाखला दिला होता. हे केतकर म्हणजे ज्ञानकोशकार, ज्यांचं शालेय शिक्षण आपल्या अमरावतीत झालं. हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जात घेऊन जाईल आणि ती जगाची डोकेदुखी होईल, असा त्या दाखल्याचा आशय. मॉरिशसमध्ये जहाजावर एकाच पंगतीत जेवावं लागलं, मळ्यात एकाच मुकादमाचा चाबूक खावा लागला, म्हणून जातीचे पुष्कळ नियम मोडले. स्पृश्य-अस्पृश्यांचं गावकूस तिथे जसंच्या तसं उभं राहिलं नाही. पण जात मेली नाही. आजही तिथल्या हिंदूंच्या राजकारणात वैश्य, बाबूजी-महाराज, रजपूत आणि रविवेद असा हिशेब चालतो. यातले रविवेद म्हणजे आपल्याकडच्या चर्मकार जातीतून गेलेल्यांचे वंशज. समुद्र ओलांडला म्हणजे जात बुडते, असं आपल्या धर्मशास्त्राने सांगितलं होतं. माणूस बाटला असेल, जात मात्र पोहून पलीकडे गेली!

मैदानातलं गावकूस

फुटबॉल मॉरिशसमध्ये आला तो इंग्रजी फलटणींबरोबर आणि गोऱ्या मळेवाल्यांच्या करमणुकीतून. पण ऊसतोड्याच्या आणि गोदी कामगाराच्या पोराला तो खेळ आवडायला वेळ लागला नाही. चेंडू एक लागतो, मैदान कसंही चालतं. गरिबाचा खेळ झाला. क्लब निघाले. आणि क्लब कसे निघाले, ते पाहा.

फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा डोडो क्लब. हिंदूंचा हिंदू कॅडेट्स. मुसलमानांचा मुस्लिम स्काउट्स. तमिळांचा तमिळ कॅडेट्स. आणि गुलामांच्या वंशजांचा, म्हणजे क्रिओल लोकांचा, लाडका संघ फायर ब्रिगेड. या शेवटच्या नावात कोणत्याही समाजाचं नाव नाही. नाव अग्निशमन दलाचं, पण गॅलरीत त्याच्यासाठी ओरडणारा माणूस बहुतेक क्रिओल. पाटीवर जात नसली तरी जात कशी असते, याचा हा नमुना. याकडे पुढे पुन्हा येऊ.

रविवारी दुपारी सामना म्हणजे दोन क्लबांचा सामना नसायचा, दोन समाजांचा असायचा. हिंदू कॅडेट्स हरले तर हिंदू हरले, स्काउट्स हरले तर मुसलमान हरले. आठवडाभर ज्याला मळ्यात, कारखान्यात, कचेरीत मान खाली घालावी लागते, त्याला रविवारचे दीड तास मान वर करायला मिळायची. म्हणून स्टेडियम भरायची. ही गोष्ट आम्ही हलक्यात घेत नाही. दबलेल्या माणसाला विजय कुठेतरी पाहिजेच असतो. प्रश्न एवढाच की तो विजय कोणाविरुद्ध मिळतो. मळेवाल्याविरुद्ध, की आपल्यासारख्याच दुसऱ्या मजुराविरुद्ध?

राष्ट्र झालं, संघ झाला

1947 पासून मॉरिशस, रियुनियन आणि मादागास्कर या तीन बेटांची त्रिकोणी स्पर्धा भरू लागली. मॉरिशसच्या राष्ट्रीय संघाचा इतिहास तिथून सुरू होतो. देश अजून स्वतंत्र नव्हता, पण संघ होता, आणि तो संघ ही स्पर्धा अनेकदा जिंकत होता.

स्वातंत्र्य आलं 12 मार्च 1968 रोजी, आणि ते जखमी अवस्थेत आलं. ऑगस्ट 1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला पडली होती. त्यात क्रिओल मोठ्या संख्येने होते. हिंदू बहुमताच्या राज्यात आपलं काय होईल, ही त्यांची भीती होती. ती भीती आपल्याला परकी वाटू नये. इंग्रज गेल्यावर सत्ता कोणाच्या हातात जाणार, हा प्रश्न बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत विचारला तेव्हा त्यांनाही देशद्रोही म्हटलं गेलं होतं. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांमध्ये दंगल पेटली, आणीबाणी जाहीर झाली, इंग्रज फौज बोलवावी लागली. चार रंगांचा झेंडा फडकला तो या धुरात.

आणि मग सहा वर्षांनी, 1974 साली, या जखमी देशाने एक पराक्रम केला. मॉरिशसचा संघ आफ्रिका खंडाच्या चषक स्पर्धेला पात्र ठरला. इजिप्तमध्ये भरलेल्या त्या स्पर्धेत आफ्रिकेतले फक्त आठ देश होते, आणि त्यांतला एक हे ठिपक्याएवढं बेट! तिथे तिन्ही सामने ते हरले. काँगोकडून 0-2, गिनीकडून 1-2, झैरकडून 1-4. पण हेही लक्षात घ्या की झैर त्या वर्षी आफ्रिकेचा विजेता ठरला आणि त्याच वर्षी पश्चिम जर्मनीत विश्वचषक खेळला. अशा संघाच्या जाळ्यात मॉरिशसने एक चेंडू टाकला होता. त्यानंतर आजपर्यंत मॉरिशस त्या स्पर्धेत पुन्हा पोहोचलेला नाही. 1985 साली हिंदी महासागर बेटांच्या क्रीडा स्पर्धा मॉरिशसमध्ये भरल्या आणि घरच्या मैदानावर या संघाने सुवर्णपदक जिंकलं. लोक संघाला "क्लब एम" म्हणतात. रविवारी एकमेकांचे वैरी असलेले लोक क्लब एमसाठी एका गॅलरीत उभे राहून ओरडत होते.

इथे कोणी म्हणेल, "बघा, खेळाने राष्ट्र जोडलं!" थोडं थांबा. सामना संपल्यावर ती गॅलरी कुठे जात होती? आपापल्या वस्तीत, आपापल्या क्लबाकडे. नव्वद मिनिटं एक जर्सी अंगावर घातली म्हणून कोणाची जमीन कोणाला मिळाली नाही, कोणाची नोकरी कोणाला मिळाली नाही.

1999: तुरुंग आणि मैदान

मॉरिशसच्या राज्यघटनेत लोकसंख्येचे चार कप्पे आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे "सर्वसाधारण लोकसंख्या". निवडणुकीत कमी पडलेल्या समाजाला प्रतिनिधित्व मिळावं म्हणून संसदेत आठ जादा जागा ठेवल्या, त्यांच्या वाटपासाठी हे कप्पे. विचार वाईट नव्हता. पण शेवटचा कप्पा नीट पाहा. गुलामांचे वंशज क्रिओल आणि गुलामांच्या मालकांचे वंशज गोरे, दोघेही एकाच कप्प्यात! कागदावर दोघे एक समाज. त्या कप्प्यातून गोरा मालक निवडून आला तरी क्रिओलाला प्रतिनिधित्व मिळालं असं समजायचं. 1972 नंतर तर जनगणनेत समाजाची मोजणीच बंद झाली. कोण किती मागे आहे, हे मोजायचंच नाही! जातनिहाय जनगणनेची मागणी करणाऱ्या आपल्या पिढीला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

ऐंशी-नव्वदच्या दशकात मॉरिशसने प्रगती केली. साखरेबरोबर कापड कारखाने आले, पर्यटन आलं. जगभरच्या पंडितांनी "चमत्कार" म्हणून पाठ थोपटली. क्रिओल वस्त्या त्या चमत्काराच्या बाहेरच राहिल्या. तिथल्या एका क्रिओल धर्मगुरूने 1993 साली या दुखण्याला "क्रिओल अस्वस्थता" असं नाव दिलं आणि ते नाव रुळलं.

फेब्रुवारी 1999. काया नावाने गाजलेला क्रिओल गायक जोसेफ रेजिनाल्ड तोपिझ याला एका सभेतल्या कार्यक्रमात गांजा ओढल्याबद्दल पोलिसांनी अटक केली. 21 फेब्रुवारीला तो पोलीस कोठडीत मेलेला सापडला. डोक्याला जबर मार. क्रिओल वस्त्या पेटून उठल्या, बेट काही दिवस ठप्प झालं. त्या धामधुमीत आणखी एक गायक, बर्जे आगात, पोलिसांच्या गोळीने गेला. कोठडीतला मृत्यू, मग उद्रेक, मग "दंगलखोर" हा शिक्का. सोमनाथ सूर्यवंशीच्या परभणीतल्या आठवणी ज्यांच्या मनात ताज्या आहेत, त्यांना हा क्रम पाठ आहे.

ती जखम ओली असतानाच तीन महिन्यांनी, 23 मे 1999 रोजी, लीगच्या विजेतेपदाचा निर्णायक सामना आला: फायर ब्रिगेड विरुद्ध स्काउट्स. म्हणजे क्रिओल विरुद्ध मुसलमान, असंच लोकांनी वाचलं. मैदान होतं बेल व्ह्यूचं अंजले स्टेडियम.

हे नाव लक्षात ठेवा. अंजले कूपेन ही उसाच्या मळ्यातली मजूर बाई. सप्टेंबर 1943 मध्ये बेल व्ह्यू हारेलच्या मजुरांनी वेतनासाठी संप केला, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात मेलेल्यांमध्ये ती होती. तिच्या पोटात मूल होतं. जिने सगळ्या मजुरांच्या भाकरीसाठी जीव दिला, तिच्या नावाच्या मैदानावर मजुरांचीच पोरं एकमेकांच्या जिवावर उठली.

फायर ब्रिगेड पेनल्टीच्या गोलावर 1-0 ने जिंकलं. निर्णय अन्यायाचा वाटून स्काउट्सचे पाठीराखे बिथरले, तोडफोड झाली. परतीच्या वाटेवर राजधानीत पोर्ट लुईला पोहोचलेल्या जमावातल्या काहींनी ल'आमिकाल नावाच्या जुगारघराला आग लावली. सात माणसं जळून मेली, त्यांत लहान मुलंही होती. ज्यांचा त्या सामन्याशी काही संबंध नव्हता अशी माणसं. पुढे खटला चालला, चौघं दोषी ठरले.

या घटनेचा एक मजकूर आपल्याकडच्या काही लोकांच्या हाती लागला तर "बघा, मुसलमान जिथे जातात तिथे…" असा पुढे ढकलला जाईल, याची आम्हाला खात्री आहे. म्हणून स्पष्ट लिहितो. आग लावणारे गुन्हेगार होते, त्यांचा समाज गुन्हेगार नव्हता. तीन महिन्यांपूर्वी तेच बेट क्रिओलांना गुन्हेगार म्हणत होतं. मूळ प्रश्न कोणता समाज हिंसक, हा नाही. ज्या देशात माणसाला सन्मान मिळायची जागा त्याच्या समाजाचा क्लब एवढीच उरते, तिथे एका पेनल्टीच्या शिट्टीने सात जीव जाऊ शकतात.

नाव पुसलं, वस्ती राहिली

मॉरिशसच्या सरकारला हा धोका आधी कळला नव्हता असं नाही. ल'आमिकालच्या कितीतरी आधी क्लबांना समाजवाचक नावं टाकायला लावली होती. हिंदू कॅडेट्सचे नुसते कॅडेट्स झाले, मुस्लिम स्काउट्सचे नुसते स्काउट्स. पाटी बदलली. पण 23 मेच्या गॅलरीत स्काउट्स म्हणजे कोण, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

आपल्याला हे ओळखीचं नाही का? डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर यावं. निर्णय चांगला होता आणि आम्ही त्याचं स्वागतच करतो. पण वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात जा. भीमनगर कुठे, असं विचारलं तर बोट जातं ते गावाच्या त्याच टोकाकडे, जिकडे पूर्वी जात होतं. एका ग्रामीण स्पर्धेत आम्ही स्वतः ऐकलं आहे: पोरांनी संघाचं नाव नोंदवलं होतं साधं, खेळाडूंच्या शोभेलसं. माइकवरून पुकारा झाला, "आता येत आहे बौद्धपुऱ्याची टीम!" पोरं जिंकली. बक्षीस घेताना पुन्हा तेच. कोणी शिवी दिली नाही. फक्त आठवण करून दिली.

1999 नंतर मॉरिशसमध्ये फुटबॉल थांबवला गेला. जुने क्लब मोडून विभागवार, शहरवार संघ उभे केले. समाजाऐवजी गाव आणि शहर. निर्णय मूलतः योग्य होता. पण प्रेक्षक परत आले नाहीत. लीगची मैदानं रिकामी पडली. लोक दूरचित्रवाणीवर मँचेस्टर आणि लिव्हरपूलसाठी ओरडायला लागले.

यावरून काही जण निष्कर्ष काढतात की समाजवार क्लब होते म्हणून मॉरिशसचा संघ मोठा झाला, ते मोडले आणि संघ बुडाला. म्हणजे जातीयतेतच जोम आहे! आम्हाला हा निष्कर्ष खोटा वाटतो. पुरावा हा की 1999 नंतर चारच वर्षांनी, 2003 साली, बेटांच्या स्पर्धेत मॉरिशसने अंतिम सामन्यात रियुनियनला 2-1 ने हरवून पुन्हा सुवर्ण जिंकलं. समाजवार क्लब नसतानाही संघ जिंकू शकतो. पुढे तो मागे पडला, त्याचं मोठं कारण आफ्रिकेचा फुटबॉल बदलला हे आहे. मोठ्या देशांचे खेळाडू युरोपातल्या क्लबांत लहानपणापासून घडू लागले, पैसा आला. बारा-तेरा लाखांच्या बेटाला त्या शर्यतीत धावणं सोपं नाही.

आपल्या घरचा इतिहास

आम्ही परदेशाकडे बोट दाखवून स्वतःला स्वच्छ ठरवत नाही. मुंबईतही हेच होतं. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्मवार क्रिकेट संघ एकमेकांशी खेळत, 1937 पासून "इतर" हा पाचवा संघही आला. मैदानं तुडुंब भरत. 1946 साली ही पंचरंगी स्पर्धा बंद झाली.

त्या "हिंदू" संघाच्या पोटात काय होतं? पालवणकर बाळू, चर्मकार समाजातला महान गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखता राखता तो गोलंदाजी शिकला. हिंदूंच्या संघात त्याला घेतलं ते त्याच्या हातातली फिरकी पाहिजे होती म्हणून. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्णांना चालायचा, चहा मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. 1920 मध्ये याच अपमानावरून भाऊ संघाबाहेर पडले. धाकटा भाऊ विठ्ठल 1923 साली कर्णधार झाला, तो भांडून झाला, कोणाच्या दयेने नाही. दुसऱ्या धर्माशी खेळताना बाळू हिंदू, चहा पिताना अस्पृश्य. "हिंदू एकता" या शब्दाचा अर्थ यापेक्षा स्पष्ट कोणता ग्रंथ सांगेल?

पुढे 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेब 13,245 मतं घेऊन जिंकले, बाळूंना 11,225 मिळाली. बाळूंच्या खेळाचा आणि सोसलेल्या अपमानाचा आम्ही आदरच करतो. पण ज्यांनी चहाचं भांडं वेगळं ठेवलं त्यांनीच मतपेटीसाठी त्यांना पुढे केलं, हे विसरता येत नाही.

आणि प्रेक्षकांचं म्हणाल, तर धर्मवार सामने गेले म्हणून मुंबईचं क्रिकेट मेलं का? आज मुंबई, चेन्नई, कोलकाता या शहरांच्या नावावर स्टेडियम भरतात. माणसाला ओरडायला आपलं काहीतरी लागतं. ते जात आणि धर्मच असलं पाहिजे, असं नाही.

मग आपण काय घ्यायचं?

एक आक्षेप आम्हाला माहीत आहे. "तुम्ही समाजवार क्लबांवर टीका करता, मग आरक्षण कशाला मागता? भीमनगरचा स्वतःचा संघ कशाला काढता?" उत्तर सरळ आहे. दार बंद करणाऱ्याचा गट आणि दार बंद झालेल्यांचा गट हे एक नाहीत. डोडो क्लब गोऱ्यांनी काढला तो दुसऱ्यांना बाहेर ठेवायला. ज्याला कोणी खेळायलाच घेत नाही, त्याने स्वतःची टीम काढली तर तो जातीयवाद नाही, तो जगण्याचा मार्ग आहे. पण तो मार्ग आहे, मुक्काम नाही. आपली टीम काढायची ती सगळ्यांसोबत बरोबरीने खेळायचं म्हणून. शेजारच्या मुसलमान, मातंग, आदिवासी पोराला हरवून सूड उगवल्याचं समाधान मिळवायला नाही. आपलं भांडण त्या पोराशी नाहीच.

आणि मोजणीचं. मॉरिशसने समाज मोजणं बंद केलं, क्लबांच्या पाट्या पुसल्या, आणि विषमता तशीच ठेवली. म्हणून आग लागली. आधी हिस्सा द्या, मग पाटी आपोआप पुसली जाईल. उलट क्रमाने केलं तर ती फक्त रंगसफेदी. 2011 साली तिथल्या सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरी आणि करारमजुरीचा हिशेब मांडून अहवाल दिला. निदान त्या देशाने तो हिशेब अधिकृतपणे मांडायला घेतला. आपल्याकडे अस्पृश्यतेचा असा आयोग कधी बसला?

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की हजारो जातींत विभागलेली माणसं राष्ट्र कशी होतील, आणि बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या पातळ थरासारखी वरवरची राहतील. मॉरिशसच्या मैदानावर ही गोष्ट खेळून दाखवली गेली. राष्ट्रीय संघाची जर्सी तो वरचा थर होता. 1974 ला आणि 1985 ला तो चमकला, 1999 ला सोलून निघाला.

म्हणून हिवरखेडच्या, तेल्हाऱ्याच्या, अकोटच्या, अंजनगावच्या आमच्या पोरांना आमचं सांगणं आहे. येत्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढा, त्यातून चेंडू आणि जाळी घ्या. स्पर्धा भरवा, पण तिचा एक नियम ठेवा: कोणताही संघ एकाच पुऱ्यातल्या पोरांचा नसेल. बौद्ध, मातंग, मुसलमान, कुणबी, माळी, कोरकू, सगळ्या घरांतली पोरं प्रत्येक संघात. मुलींचा संघ असल्याशिवाय स्पर्धा सुरू करायची नाही. कर्णधार खेळ पाहून ठरेल, आडनाव पाहून नाही. आणि पाण्याचा माठ एकच असेल, पेला एकच असेल. बाळूच्या त्या मातीच्या भांड्याचं उत्तर तिथून सुरू होतं.

काही घरं पोरांना पाठवणार नाहीत, हेही आम्हाला माहीत आहे. न पाठवू देत. कोणी पाठवलं नाही हेही गावाला दिसेल, आणि ते दिसणंही गरजेचं आहे.

पुन्हा भारत-मॉरिशस सामना होईल तेव्हा आम्ही भारताच्याच बाजूने ओरडू. पण समोरच्या लाल जर्सीतल्या पोरांकडे पाहून हसणार नाही. त्यांच्या आजोबा-पणजोबांना आपल्यासारखंच विकलं, राबवलं, मोजलं आणि नंतर मोजायचं बंद केलं. 0-0 हा निकाल तसा चुकीचा नव्हता. राष्ट्र होण्याच्या सामन्यात दोन्ही देशांचा गोल अजून व्हायचाच आहे.

जयभीम! जय संविधान!

हिवरखेड, जि. अकोला